उतरती खाच

१

मिस्त्रींच्या दुकानात येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांना आपल्याला काय हवंय ते ठाऊक नसायचं, आणि उरलेल्या निम्म्यांना ते चुकीचं ठाऊक असायचं. त्यामुळे बंदुका दुरुस्त करण्यापेक्षा माणसांना समजावण्यातच त्यांची सकाळ जायची. आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही. बायको आतून ओरडायची, "अहो, त्यांना बंदूक द्या, प्रवचन नको!" तरी मिस्त्री थांबायचे नाहीत.

"पक्की घेऊ की फिरती?" हा तर रोजचा प्रश्न. रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या टोकाला एक बारीकशी माशी असते आणि मागे, डोळ्याच्या बाजूला, एक खाच. खाचेच्या मधोमध माशी आणायची, माशीवर निशाण टेकवायचं, झाला नेम. पक्की खाच म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या अंगातच कोरलेली. ती जन्मभर हलत नाही. फिरती खाच एका छोट्या पट्टीवर असते. स्क्रू फिरवला की खट, खट करत वर चढते, खाली उतरते. लांबचं मारायचं तर वर, जवळचं तर खाली.

मिस्त्रींचं मत ठरलेलं होतं. "पक्की खाच म्हणजे हट्टी सासरा," ते सांगायचे. "तो बदलणार नाही, तुम्हीच बदला. फिरती घ्या. तुमचं निशाण जिथे आहे, तिथे ती येते."

एका बुधवारी सकाळी मोजणीबाई आल्या. जमीन मोजणीच्या कचेरीत तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळा रस्ता त्यांना मोजणीबाईच म्हणायचा. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. तो स्पर्धांमध्ये नेमबाजी करायचा. त्याचंच रिव्हॉल्व्हर त्यांनी डब्यातून काढून काउंटरवर ठेवलं, शेजारी परवाना ठेवला आणि म्हणाल्या, "ही फिरती खाच काढा आणि पक्की बसवून द्या."

मिस्त्रींनी ते हातात घेतलं आणि त्यांचा जीव हळहळला. खाचेची ती पट्टी इतकी सुबक होती की घड्याळजीनेच बनवली असावी. "बाई, लोक अशी मिळावी म्हणून माझ्या पाया पडतात. का काढताय?"

"ती फिरते."

"फिरणारच की. फिरण्यासाठीच केलीय."

"हो," बाई म्हणाल्या, "पण मी फिरवत नाही."

२

स्प्रिंग ढिली झाली असणार, दुसरं काय! मिस्त्रींनी मनातल्या मनात हसून घेतलं. बाईंना म्हणाले, "दोन-तीन आठवडे द्या. आधी नीट बघतो, मग काढायची की नाही ते ठरवू."

दुकानाच्या मागे कामाची खोली होती आणि तिच्या टोकाला एक लांबलचक अरुंद दालन, पंचवीस पावलांचं. पलीकडच्या भिंतीला वाळूची पोती रचलेली. तिथे त्यांनी सहा गोळ्या झाडल्या, खाच पंचवीस पावलांना बरोबर लावली आणि पट्टी उघडून पाहिली. स्प्रिंग नवी असल्यासारखी ताठ होती. तरीही खात्री असावी म्हणून त्यांनी स्क्रूच्या डोक्यावर लाखेचा एक थेंब सोडला. लाख वाळली की स्क्रू केसभर जरी फिरला तरी तिला तडा जातो. मग रिव्हॉल्व्हर लोखंडी कपाटात ठेवलं. कपाटाची किल्ली एकच, आणि ती त्यांच्या कमरेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाच बारा खट वर होती.

मिस्त्रींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. लाखेचा थेंब जसाच्या तसा, गुळगुळीत, एकसंध. नखाने टकटक केलं. तडा नव्हता.

माणूस तीस वर्षं एकच काम करतो तेव्हा पहिला संशय त्याला स्वतःचाच येतो. आपणच काल मोजायला चुकलो, असं त्यांनी ठरवलं. लाख खरवडली, खाच पुन्हा पंचवीस पावलांना आणली, नवा थेंब सोडला आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने तारीख लिहून ठेवली.

तिसऱ्या दिवशी खाच अकरा खट वर होती. लाख शाबूत.

मग त्यांनी तिला हात लावायचं सोडून दिलं. नुसतं बघायचे. चौथ्या दिवशी दहा. पाचव्या दिवशी नऊ.

"चोर असेल तर शिस्तीचा चोर आहे," ते बायकोला म्हणाले. "रोज येतो, एक खट उतरवतो आणि लाख पूर्ववत करून जातो."

बायको हसली नाही. ती त्यांच्या सगळ्या विनोदांना हसायची, अगदी वाईट विनोदांनाही. म्हणून ते त्यांच्या ध्यानात राहिलं.

३

सुट्टीच्या दिवशी दोघं गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत गेली. मिस्त्रींना एवढंच बघायचं होतं की खाच आता आहे तशी ठेवली तर गोळी नेमकी कुठल्या अंतरावर मध्यभागी बसते. एक खट म्हणजे साधारण तीन पावलं, असा त्यांचा अंदाज होता.

बायकोने कागद लावलेली फळी उचलली आणि पावलं मोजत निघाली. चाळीसवर उभी केली; गोळ्या दोन बोटं वर गेल्या. पंचेचाळीसवर केली, एक बोट वर. बावन्नवर केली तेव्हा सहाच्या सहा गोळ्या मधल्या काळ्या ठिपक्यात एकमेकींना खेटून बसल्या. मिस्त्रींनी आयुष्यात इतका स्वच्छ नेम पाहिला नव्हता.

"चांगली आहे की," ते म्हणाले. "बिघडलेली नाहीच. बावन्न पावलांना अगदी चोख लावलेली आहे."

बायको कागदाकडे बघत होती. "कुणासाठी?"

"म्हणजे?"

"अहो, तुम्हीच सगळ्यांना सांगता ना, निशाण जिथे आहे तिथे फिरती खाच येते. मग बावन्न पावलांवर काय आहे?"

मिस्त्री कपाळाशी हात धरून तिकडे बघू लागले. खाणीत वारा पडला होता. फळीच्या पलीकडे कापलेला दगड, त्यावर उन्हाचा एक पट्टा, आणि काही नाही.

घरी परतल्यावर त्यांनी हा विचार झटकायचा प्रयत्न केला. धातू तापतो, थंड होतो, आकसतो. पट्टीला आतून सूक्ष्म पीळ असेल. हे सगळं त्यांनी बायकोला समजावून सांगितलं, तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाच आठ खट वर होती.

४

बाराव्या दिवशी ते मोजणीबाईंच्या घरी गेले. दुसऱ्या मजल्यावरचं स्वच्छ, रिकामं-रिकामं घर. खिडकीपाशी एक आरामखुर्ची होती आणि तिच्यावर कुणी बसत नसावं, कारण तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा होता.

"आता किती आहे?" बाईंनी दार उघडताच विचारलं.

"दोन खट वर. म्हणजे एकतीस पावलं."

बाईंनी मान डोलावली. पाणी आणून दिलं. मग समोर बसल्या आणि एखाद्या प्लॉटची हद्द सांगावी तशा सरळ आवाजात सांगू लागल्या.

"नवरा रोज सराव करायचा. एके सकाळी म्हणाला, खाच कोणी हलवली? मला वाटलं, वय झालं, विसरतो. मग तो रोज खाच वाचायला लागला. माझी जुनी टेप घेऊन या खुर्चीपासून मोजायचा. आज पुलापाशी आहे म्हणायचा. आज कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानाशी. आज फाटकापाशी. मी जाऊन बघून यायचे. काही नसायचं. नंतर तो म्हणाला, जिन्याखाली. मी जिना उतरले, चढले. काही नाही. त्याने जेवण सोडलं. शेवटचा आठवडा तर तो खुर्चीतून उठलाच नाही, नुसतं दाराकडे बघत बसायचा. एका सकाळी मी चहा घेऊन आले तर गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय."

"आणि खाच?"

"त्या दिवशी पार वरच्या टोकाला जाऊन बसली होती. दोन वर्षं तिथेच होती. मी कधी हात लावला नाही. मग मध्यंतरी विकून टाकावं म्हणून तुम्हाला फोन केला होता, आठवतं? त्या दिवसापासून उतरायला लागली."

मिस्त्रींना तो फोन आठवला. आणून दाखवा म्हटलं होतं, मग बाई फिरकल्या नव्हत्या.

"मग विकलं का नाही?"

"अहो, हे कुणाच्या गळ्यात मारू? ज्याला देईन त्याचं अंतर मोजायला लागलं तर?" बाईंनी पदर सारखा केला. "येणारं असेल ते येईल, मिस्त्री. मरणाला मी भीत नाही. पण नवऱ्याला कशाने मारलं ते मी पाहिलंय. रोज सकाळी आकडा कळत होता, त्याने मारलं. मला आकडा नको. म्हणून म्हणते, पक्की बसवा."

मिस्त्री उठले. दाराशी येऊन थांबले. "पक्की एकदा कोरली की कोरली. किती पावलांना लावू?"

"तुमच्या मनाला येईल तितक्यांना," बाई म्हणाल्या. "मी आजवर कधी नेम धरून पाहिलेलं नाही, यापुढेही धरणार नाही."

५

काम हातात घेतलं की मिस्त्रींचं मन शांत व्हायचं, तसं ते झालं. पोलादाचा एक तुकडा शिकंज्यात धरून त्यांनी चार दिवस त्याला कानशीने आकार दिला. पट्टीच्या जागेत तो इतका घट्ट बसला पाहिजे होता की सांधाही दिसू नये. मधल्या काळात जुनी खाच रोज एकेक खट उतरतच होती, आता पंचवीस पावलांच्याही खाली. त्यांनी ती काढली तेव्हा ती सोळा पावलांवर होती.

काढलेली पट्टी त्यांनी एकदा उजेडात धरून पाहिली. मग बायकोला न सांगता त्यांनी शिसं वितळवायच्या भांड्याखाली जाळ केला आणि शिसं पातळ झाल्यावर पट्टी चिमट्याने त्यात दाबून धरली, ते गोठेपर्यंत. गार झाल्यावर भांड्यात शिशाची एक साधी वडी उरली, पोटात पट्टी. इतकी चांगली कारागिरी त्यांनी आजवर कधी नासवली नव्हती, आणि तरी त्यांना हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास त्यांनी नवी खाच तपासायला घेतली. बारा पावलांवर कागद लावला. दालनात वरच्या झरोक्यांमधून भरपूर उजेड येत होता. कानात बोळे घातले, हात लांब केला, एक डोळा मिटला, खाचेत माशी आणली.

माशीच्या वर कागद नव्हता. पाठ होती.

नेम धरताना नजर माशीवर असते, पलीकडचं सगळं पुसट दिसतं. त्यामुळे त्यांना पहिल्यांदा वाटलं, आपणच काहीतरी टांगलेलं विसरलो. मग पुसटपणा थोडा निवळला. माणसाची पाठ. किंचित वाकलेली, जशी कामाच्या टेबलाशी वर्षानुवर्षं उभं राहून वाकते. पाठीवर चामडी एप्रनचे पट्टे आडवे-उभे, आणि डावा पट्टा जिथे तुटला होता तिथे दोऱ्याचे जाड, वेडेवाकडे टाके. ते टाके त्यांनी स्वतः घातले होते, मागच्या थंडीत, दाभणाने बोट भोसकून घेत.

त्यांनी हात खाली घेतला. दालन रिकामं होतं. कागद जागच्या जागी.

हात वर केला. पाठ होती. आणि त्यांना असं वाटलं, नुसतं वाटलं, की ती मघापेक्षा टाचभर जवळ आहे. पुढे तोंड करून माणूस लांब जातो. हा पुढे तोंड करून मागे येत होता.

मिस्त्रींनी चापावरचं बोट काढलं. आपल्याच पाठीवर गोळी कोण झाडेल! त्यांनी काडतुसं बाहेर काढली, एकेक करून, आणि खिशात टाकली.

६

दुपारी बाई रिव्हॉल्व्हर न्यायला आल्या. मिस्त्रींनी ते पुसून काउंटरवर ठेवलं.

"लागतंय बरोबर?"

"अजून झाडलं नाही," मिस्त्री म्हणाले. मग ते पुन्हा उचलून म्हणाले, "बाई, एक करा. एकदाच नेम धरून बघा. रिकामं आहे, मी बघितलंय. आतल्या दालनात या."

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. तीस वर्षं लोकांच्या हद्दीवरच्या भांडणात उभ्या राहिलेल्या बाई होत्या. समोरचा काय लपवतोय ते त्यांना सहसा कळायचं. पण त्या आल्या. दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर धरलं. एक डोळा मिटला. मिस्त्री शेजारी उभे.

"कागद दिसतोय," बाई म्हणाल्या.

"आणखी?"

"पोती. भिंत." त्यांनी हळूच हात डावीकडे नेला, उजवीकडे नेला. "काही नाही हो. रिकामी खोली आहे." आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मिस्त्रींना त्या एकदम दहा वर्षांनी तरुण वाटल्या. "काहीच नाही! मिस्त्री, मी उगीच... दोन वर्षं मी ते कपाट उघडताना डोळे मिटून घेत होते."

त्या क्षणी मिस्त्रींना सगळा हिशोब लागला. खाच उतरायला लागली ती फोन आला त्या दिवशी. बाईंनी फोन केला होता, पण तो घेतला होता मिस्त्रींनी.

सांगावं का? बाईंनी जे रिव्हॉल्व्हर पाप लागेल म्हणून कुणाला दिलं नव्हतं, ते त्यांच्याच हातून कुणाच्या दाराशी पोचलं, हे त्यांना सांगून काय मिळणार होतं? त्या ते येणारं परत स्वतःवर मागून घेणाऱ्या बाई होत्या, एवढं मिस्त्रींना नक्की ठाऊक होतं. आणि मागून घेता येण्यासारखं ते नव्हतं.

"चोख बसलीय खाच," ते म्हणाले. "आता ती कधीच हलणार नाही. निवांत राहा."

बाई डबा छातीशी धरून गेल्या. रस्त्याच्या वळणावर थांबून त्या शिंप्याच्या बायकोशी काहीतरी बोलल्या, हसल्या, ते मिस्त्रींनी दुकानातून पाहिलं.

मग त्यांनी दुकानाचं दार लोटलं, आत जाऊन बायकोला समोर बसवलं आणि अथपासून इतिपर्यंत सांगितलं. शिशात पुरलेल्या पट्टीचंही. शेवटी ती म्हणाली, "पुरली ते बरं केलं."

"तुला नाही वाटत, कळलेलं बरं? मी जन्मभर लोकांना तेच सांगत आलो."

"लोकांना निशाण गाठायचं असतं," बायको म्हणाली. "तुम्हाला कुठे काय गाठायचंय?"

७

तीन दिवस चांगले गेले. मिस्त्री पोटभर जेवले. एका शिकाऱ्याला त्यांनी पक्की खाच घ्यायला लावली आणि तो चक्रावून गेला.

चौथ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, बायको बाजारातून भाजी घेऊन रस्त्याच्या दाराने दुकानात शिरली. काउंटरवर कुणी नव्हतं. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि कामाच्या टेबलाशी, दाराकडे पाठ करून, नवरा उभा होता. मान खाली घातलेली. एप्रनवरचे ते ओबडधोबड टाके उन्हात दिसत होते.

"अहो, चहा टाकू का?" तिने पिशवी खाली ठेवत विचारलं.

"टाक की," मिस्त्रींचा आवाज आला. "हात धुतोय, आलोच."

आवाज अंगणातून आला होता. पाठोपाठ नळ सोडल्याचा आवाज, बादलीत पाणी पडल्याचा आवाज.

टेबलाशी उभ्या असलेल्याने मान उचलली. हलकेच, एका बाजूला. गर्दीत आपल्याला कुणी हाक मारली की काय, असं वाटून माणूस उचलतो तशी. कान दिसला. कानापुढची पांढरी दाढी दिसली.

बायकोने तोंड वळायची वाट पाहिली नाही. ती मागच्या मागे रस्त्यावर आली, भिंतीला धरून बोळात वळली आणि बोळाच्या फाटकातून अंगणात शिरली. मिस्त्री नळाशी वाकलेले होते, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. एप्रन खुंटीवर लटकत होता. तिने जाऊन त्यांचे ओले, साबणाचे हात आपल्या हातात घेतले आणि घट्ट धरले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती; असं अंगणात, भर दिवसा, तिने कधी केलं नव्हतं.

मिस्त्रींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग कामाच्या खोलीच्या अंगणातल्या दाराकडे. ते अर्धवट लोटलेलं होतं. नळ तसाच वाहत होता.

"तू पाहिलंस," ते म्हणाले.

तिने पकड आवळली.

"किती पावलांवर?"

त्या घरात ती सव्वीस वर्षं वावरली होती. टेबलापासून दार तीन पावलं आणि दारापासून नळ एक, हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

"कुणास ठाऊक," ती म्हणाली. "मी नाही मोजली." आणि त्यांचे हात न सोडता ती त्यांच्या आणि दाराच्या मधे येऊन उभी राहिली.